यावलच्या गाडीतून पहिला उतरणारा

धुळ्याहून योगेशचा फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. आमचं डोळ्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. मुख्य इमारत जळगावला, आणि धुळ्याला तीन खोल्यांची शाखा. तिथली नोंदणी योगेश बघतो. तो म्हणाला, "मॅडम, झेड ड्राइव्हवर लाल फुली आलीये." मी सवयीने विचारत गेले. केव्हापासून, एकाच कॉम्प्युटरवर की दोन्हीवर, त्याआधी काय चाललं होतं. त्याने सगळ्याची नीट उत्तरं दिली. मग मी म्हटलं, "नानांना बोलव ना. ते मागच्या गल्लीतच तर राहतात."   तो म्हणाला, "मॅडम... नाना सकाळीच गेले. अंघोळ करून खुर्चीत बसले, आणि तेवढंच. मला तेच सांगायचं होतं. कसं सांगावं कळेना, म्हणून आधी ड्राइव्हचं सांगितलं." मी विचारलं, "म्हणजे फुली आलेली नाहीये?" तो म्हणाला, "आलीये ना. ती पण आलीये."

बाहेर बाकांवर माणसं बसलेली असणार, म्हणून मी त्याला फोनवरून एकेक पायरी सांगत गेले आणि फुली गेली. मग डब्याचं झाकण परत लावलं. त्या दिवशी मी रडले नाही. नंतर दोन दिवसांनी, अगदी भलत्याच वेळी, स्कूटरला पेट्रोल भरताना रडू आलं.

आठवडाभराने आम्ही काही जण धुळ्याला दारावर जाऊन आलो. आमच्याकडे घरात कोणी गेलं की ओळखीपाळखीची माणसं येऊन बसतात, त्याला दारावर जाणं म्हणतात. सतरंजीवर एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. नानांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रत्येक जण नानांचं काहीतरी सांगत होता. कोणाच्या शिलाई मशीनची मोटर त्यांनी सुरू करून दिली होती, कोणाच्या मुलीच्या कॉलेजचा फॉर्म रांगेत उभं राहून भरला होता. सगळ्यांचं झाल्यावर काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायले. माझ्या वाटचंही मग आमच्या काउंटरवरची शोभाअक्काच बोलली. परत येताना, एरंडोल मागे पडल्यावर, ती म्हणाली, "बोलायचं होतंस. तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.  मग तीच म्हणाली, "बरं, लिही तरी. लिहिताना समोर लोक नसतात."

म्हणून हे लिहिते आहे. तिथे जे सांगायला हवं होतं ते सांगायचं तर माझी एक चूक सांगावी लागते. ती वगळून नानांची गोष्ट सांगता येत नाही, निदान मला तरी.

सहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरची पदवी घेऊन मी या रुग्णालयात लागले. माझ्याआधीच्या माणसाने रुग्णांच्या नोंदींचा एक प्रोग्राम करून ठेवला होता, तो सांभाळणं हे माझं काम. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, आणि अनोळखी माणसांसमोर मला दोन्ही भाषा नीट फुटत नसत. मागच्या बाजूच्या लहानशा खोलीत मुख्य कॉम्प्युटर होता आणि त्याच्याशेजारी माझं टेबल. ती खोली मिळाली याचा मला फार आनंद झाला होता. तिथे कोणी यायचं नाही.

सगळ्या नोंदी त्या मुख्य कॉम्प्युटरवर राहायच्या. बाहेरचा नोंदणीचा काउंटर, डोळे मोजायची खोली आणि ऑपरेशन थिएटर, तिन्हीकडच्या कॉम्प्युटरवर ती जागा झेड ड्राइव्ह या नावाने दिसायची. भिंतीत एकच कपाट असावं आणि तीन खोल्यांतून त्याला तीन दारं असावीत, तशी ती सोय. काउंटरवर नाव, गाव, वय, कोणता डोळा ते लिहायचं. मोजणीच्या खोलीत त्याच नावापुढे डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर चढवायचा. ऑपरेशनच्या दिवशी थिएटरात यादी निघायची. अडचण एकच होती. मधूनच कोणातरी खोलीचं दार बंद व्हायचं. ड्राइव्हवर लाल फुली यायची, प्रोग्राम इंग्रजीतली एक लांबलचक पाटी दाखवायचा आणि तिथेच अडून बसायचा.

काउंटरवर शोभाअक्का होती. एकोणीस वर्षं ती त्या खुर्चीत होती. गाव ऐकलं की ती त्या गावातली दोन घरं सांगायची, आणि घाबरून आलेला म्हातारा माणूस तेवढ्याने सैल होऊन बसायचा. पाटी आली की अक्का खुर्चीत बसूनच हाक मारायची, "ओ मॅडम, या बाहेर. तुमची इंग्रजी पाहुणी आली." शे-सव्वाशे माणसांच्या हॉलमधून मी चालत जायचे. सगळे माझ्याकडे बघायचे. मी जाऊन प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचे, एवढंच. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. मला ते असह्य व्हायला लागलं. प्रोग्राममध्ये अशी एक ओळ घालता येते की, काही बिघडलं तरी गप्प राहा आणि पुढे चालत राहा. एका दुपारी मी ती ओळ घातली. दोन मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या दिवसापासून पाटी यायची थांबली. अक्का म्हणाली, "केलंस बाई बरोबर एकदाचं." मी हसले.

पाटी थांबली होती. दार बंद व्हायचं थांबलेलं नव्हतं. आता अक्का नाव लिहायची, जतन करायचं बटण दाबायची, समोरची जागा पुढच्या माणसासाठी रिकामी व्हायची आणि तिला वाटायचं नोंद झाली. ती कधी झालेली असायची, कधी नसायची. मोजणीच्या खोलीत नाव सापडलं नाही तर तिथल्या सिस्टर भिंगाचा नंबर कागदावरच लिहून देत. गर्दीत मागे येऊन विचारायला कोणाला सवड होती? थिएटरची यादी मात्र कॉम्प्युटरवरूनच निघायची.

हे उघड झालं ते यावलकडच्या एका आजींमुळे. ऑपरेशनच्या दिवशी त्या सकाळी उपाशीपोटी, डोक्याला पदर घट्ट बांधून आल्या, सोबत मुलगा. केळीच्या कापणीचे दिवस होते, टोळीतलं काम बाजूला ठेवून तो आला होता. यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्या काउंटरला हात टेकून अक्काला म्हणाल्या, "मी आली होती ना बाई. तुझ्याच पुढे बसली होती. तू माझ्या भावजयीचं नाव सांगितलं होतं." अक्काला सगळं आठवत होतं, भावजयही आठवत होती. कॉम्प्युटरला काही आठवत नव्हतं. त्यांची पाळी पुढच्या आठवड्यावर गेली.  मुलाने आईच्या हातातली पिशवी घेतली.

मग मागचं शोधलं तेव्हा अशी आणखी सात-आठ नावं निघाली, आणि त्यातली बहुतेक यावलच्या बाजूची. आमच्या विश्वस्तांपैकी एक जण तिकडचेच. ते चौधरी सरांना म्हणाले, "आमच्याच लोकांची नावं कशी गळतात? तुमच्या बाईला आमच्या गावांचं काही वावडं आहे का?" चौधरी सर रुग्णालयाचे व्यवस्थापक, माणूस वाईट नाही, पण वरून कोणी बोललं की ते खालच्याशी लगेच कडक होत. अक्काला काउंटरवरून काढून चादरी-टॉवेलांच्या खोलीत पाठवायचं, असं बोलणं सुरू झालं. अक्काने एकदाच सांगितलं, "मी लिहिलं होतं, सर." त्यानंतर ती गप्प राहिली. तिला गप्प बसलेलं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं का? कळलं होतं, असंच म्हणावं लागेल. पूर्ण नाही, पण ती ओळ मला आठवली होती. मी चौधरी सरांना एवढंच म्हटलं की नेटवर्कची तपासणी करून घेऊ. त्यांनी कोणाकडून तरी धुळ्याच्या नानांचं नाव आणलं.

नाना आधी टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबांचे दिवस संपत आले तेव्हा मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि पन्नाशीला टेकल्यावर कॉम्प्युटरच्या जोडण्या शिकले. पहिल्यांदा आले ते धुळे-जळगाव बसने, खांद्याला खाकी पिशवी, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि पायांत कायम नाडीचे बूट. जळगावच्या उन्हाळ्यातही बूट. माझ्या खोलीच्या दारात थांबून त्यांनी विचारलं, "काय व्हयनं व माय?" मी दचकले. मला आतापर्यंत कोणी माय म्हटलं नव्हतं. आमच्या खानदेशात मुलीला असं म्हणतात हे मला ऐकून ठाऊक होतं, पण ते माझ्यापर्यंत कधी आलं नव्हतं. माझ्याशी बोलताना ते अहिराणी निम्म्यावर आणत, तरी 'आहे'चं 'शे' आणि 'सगळं'चं 'बठ्ठं' राहायचंच.

पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांनी जे कोणीही करेल ते केलं. तारा बदलल्या. कोपऱ्यातल्या ज्या डबीत सगळ्या तारा येतात ती बदलली. वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटर स्वतःच जोडणी झोपवतो, ती सोय बंद केली. झेड या अक्षराच्या भरवशावर न राहता प्रोग्रामला मुख्य कॉम्प्युटरचा पूर्ण पत्ता देऊन टाकला. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटायचं आणि मग एक नाव गळायचं. तिसऱ्या वेळी ते आले तेव्हा पिशवी उघडलीच नाही. एक लाकडी स्टूल घेतलं आणि अक्काच्या शेजारी जाऊन बसले. दोन दिवस बसले. कळफलकाला हात लावला नाही. अक्का पहिल्या दिवशी वैतागली. "हे काय, माझ्यावर पहारा बसवला का?" नाना म्हणाले, "नही व अक्का. तू काम कर. मी गाडीची वाट बघतोय असं समज."

त्या दोन दिवसांत चहाच्या वेळी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. लाइनमन असताना एका गावातल्या घरचा फोन दर गुरुवारी संध्याकाळी खरखरायचा आणि बंद पडायचा. सासूबाईंची तक्रार. बाकी सहा दिवस फोन ठणठणीत. नानांनी तार तपासली, खांब तपासला, सगळं ठीक. शेवटी एका गुरुवारी ते समोरच्या ओट्यावर जाऊन बसले. सुरतेला दिलेली मुलगी गुरुवारी फोन करायची आणि आईशी तासभर बोलायची, मुख्यतः वहिनीबद्दल. फोनची वेळ झाली की सून अंगणात यायची आणि धुतलेली ओली नऊवारी बरोबर तारेच्या उघड्या जोडावर वाळत टाकायची. मी विचारलं, "मग तुम्ही सासूला सांगितलं?" "काय सांगू? जोड नीट बांधला, तार दोन हात वर ओढली आणि आलो." "मग?" "मंग काय, पुढल्या गुरुवारी तिनं काठी आणली." मी इतक्या मोठ्याने हसले की मोजणीच्या खोलीतल्या सिस्टर डोकावून गेल्या. नाना म्हणाले, "यंत्र बिघडलं ते बिघडलं. पण तेना पहिले माणूस काय करत होतं, ते विचारायचं." त्या वेळी मी ती गंमत म्हणूनच ऐकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अक्काला गळलेल्या नावांबद्दल विचारायला सुरुवात केली. गाव नाही, वय नाही. "ही आजी रांगेत कितवी होती?" अक्का म्हणाली, "पहिलीच. कोपर मारत आली होती." "आणि हा मास्तर?" "तो पण पहिला. झपाझप चालतो तो." तिसरं नाव, चौथं नाव. अक्काचा आवाज हळूहळू बदलत गेला. सगळे पहिले होते. यावलच्या गाडीतून उतरून, स्टँडपासून सगळ्यात भरभर चालत येऊन, रांगेत पहिले उभे राहिलेले. नाना उठले आणि न सांगता निघून गेले. दीड तासाने आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. स्टँडवर बसून त्यांनी गाड्या पाहिल्या होत्या, वेळा विचारल्या होत्या. वहीच्या पानावर त्यांनी ते मला काढून दाखवलं. बोदवडची माणसं सकाळच्या रेल्वेने येतात, दवाखाना उघडायच्या आधीच दारात असतात. पहूरची जीपने येतात, दिवसभर चार-चार, पाच-पाच. यावलची मात्र बसने, एकदम, आणि त्या बसच्या आधी काउंटर रिकामा पडतो. बोदवडवाले संपलेले, यावलवाले यायचे. अक्का तेवढ्यात कागद लावून घेते. दहा-वीस मिनिटं तिच्या कॉम्प्युटरवर कोणी बोट ठेवत नाही. आणि आमच्या मुख्य कॉम्प्युटरला कोणीतरी कधीकाळी शिकवून ठेवलं होतं की, पंधरा मिनिटं एखाद्या कॉम्प्युटरने काही मागितलं नाही तर त्याचा हात सोडून दे. यावलची बस वेळेवर आली तर काही होत नसे. उशिरा आली की त्या गाडीतून पहिल्या पोचलेल्या माणसाची नोंद सुटलेला हात परत धरण्यात खर्च व्हायची. दुसऱ्यापासून सगळं सुरळीत.

मी ते पान बघत राहिले. इतकं साधं होतं, आणि माझ्या खोलीत बसून मला ते जन्मात कळलं नसतं. नाना मुख्य कॉम्प्युटरवर बसले, ती पंधरा मिनिटांची अट काढून टाकली. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "बठ्ठं जुळलं. एकच राहिलं. हात सुटला तर प्रोग्रामनं ओरडायला पाहिजे. हा ओरडला का नही?" मी म्हटलं, "बघावं लागेल."  त्यांनी बूट घातले, आणि साडेपाचच्या गाडीने धुळ्याला गेले.

तो शुक्रवार होता. शनिवारी चौधरी सरांनी ठरवलं की सोमवारपासून अक्का चादरींच्या खोलीत. मी नानांनी शोधलेलं त्यांना सांगायला गेले. ते म्हणाले, "असेल. पण नोंद झाली नाही हे समोर बसलेल्या माणसाला कळायला नको का? कॉम्प्युटर सांगतो ना. त्या बाईचं लक्षच नसणार." मी तिथे उभी होते. बोलायला तीन सेकंद मिळाले होते, पुरेसे होते. त्यांचा फोन वाजला आणि मी बाहेर आले.

रविवारी मी नानांना फोन केला. "नाना, मला एक सांगायचंय." "सांग." मला सुरुवातच सापडेना. तेच म्हणाले, "माले माहीत शे, माय." "कसं?" "मी विचारलं तवा तू स्क्रीनकडे नही पाहिलं. दाराकडे पाहिलं." मी सगळं सांगितलं. हाका, हॉल, माझ्याकडे बघणारी माणसं, ती ओळ.  शेवटी मी विचारलं, "तुम्ही सांगाल का सरांना? तुमचं ते ऐकतील." "मी नही सांगनार," ते म्हणाले. "पण येतो उद्या. पहिल्या गाडीनं."

सोमवारी दहाला चौधरी सरांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. अक्काला खुर्ची दिली होती, तरी ती उभी होती. पर्स खांद्यालाच. मी सुरुवात केली, "सर, अ‍ॅक्च्युअली द एरर वॉज गेटिंग सप्रेस्ड..." आणि तशीच बोलत गेले. 'चूक दाबली जात होती' हे वाक्य इंग्रजीत फार स्वच्छ वाटत होतं. कोणी केलं हे त्यात कुठेच नव्हतं. सर मान डोलवत होते. अक्का भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. नाना दाराशी उभे होते, तिथूनच हळू म्हणाले, "माय, सरले नंतर सांग. पहिले अक्काले सांग."

मी अक्काकडे वळले. तिला सांगितलं की तू नोंदी केल्या होत्यास. कॉम्प्युटर तुला सांगत होता की नोंद पोचली नाही, आणि ते सांगणं मी बंद केलं. तू हाका मारायचीस, मला बाहेर यायची लाज वाटायची, म्हणून. एवढं बोलायला मला किती वेळ लागला माहीत नाही. अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी हाक मारते म्हणून?" "हो." "एवढ्यासाठी?" "हो." "अगं, मग मला सांगायचंस. मी नसती मारली हाक. शिपायाला पाठवलं असतं." तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचाच होता. "दोन महिने मला वाटतंय माझंच डोकं चाललं. रात्री नावं आठवत झोपते मी."  

चौधरी सरांनी माझ्याकडून सगळं लेखी घेतलं. अक्का तिच्या खुर्चीवर परत गेली. यावलच्या आजी त्याच आठवड्यात दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आल्या, आणि डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेल्या अवस्थेत त्यांनी अक्काला विचारलं, "आता तरी लिवलं ना बाई?" माझी नोकरी राहिली. नाना मधे पडले असतील असं मला वाटत होतं. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्याच सोमवारी दुपारी मी ती ओळ काढली आणि पाटी परत लावायला घेतली. नाना म्हणाले, "मराठीत लाव." मी लिहिलं, 'सर्व्हरशी असलेली जोडणी खंडित झाली आहे. कृपया प्रणाली प्रशासकाशी संपर्क साधा.' त्यांनी ते दोनदा वाचलं. "हे कोण शे, प्रशासक?" "मी." "मंग असं का लिहिलं?" त्यांनी स्टूल ओढलं आणि एकेक वाक्य सांगत गेले, मी टाइप करत गेले. नोंद पोचली नाही. पुन्हा करा. मग म्हणाले, "आणखी एक घाल. चूक तुमची नाही." मी म्हटलं, "नाना, असं कुठल्याच प्रोग्राममध्ये लिहीत नाहीत." "नसतील लिहीत." "आणि असेल तर, चूक?" "तर काय? तिथं एक बाई बसेल, समोर माणूस उभा राहील. तेवढ्या वेळापुरतं तिला हे कोणी सांगायला नको का?" मी ते लिहिलं. त्यानंतर नानांच्या सांगण्यावरून प्रोग्रामने मुख्य कॉम्प्युटरशी एक बारीकसा धागा दिवसभर धरूनच ठेवावा अशीही सोय केली, त्यामुळे पाटी क्वचितच यायची. वीज खेळ करते तेव्हा, नाहीतर कोणी तार ओढली तर.

अक्का पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. सोळाव्या दिवशी दुपारी तिचा आवाज आला, "केतकी, ये गं. पाटी आली." मॅडम नाही. मी हॉलमधून चालत गेले. माणसं बघत होती, ती बघतच असतात. तिने समोरच्या बाईला पाटी वाचून दाखवली होती, आणि ती बाई म्हणत होती, "नसू दे चूक. मी थांबते." नाना स्टूल ठेवून गेले होते, त्यावर मी बसले. तेव्हापासून यावलची गाडी यायच्या वेळी मी बाहेरच बसते. अजूनही मला फारसं बोलता येत नाही. पण कोण कसं चालत येतं ते बघते.

नंतरची पाच वर्षं नाना येत राहिले, कामासाठी आणि बिनकामाचेही. धुळ्याची शाखा उघडली तेव्हा तिथल्या तारा त्यांनी स्वतः ओढल्या, योगेशला शिकवलं. त्यांच्या घरी मी दोनदा जेवले. काकूंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं, आणि नाना ताटावर बसूनही योगेशला विचारत होते, तेना पहिले काय चालू व्हतं? काकू म्हणाल्या होत्या, "यांना मीठ कमी झालं तरी आधी विचारतील, मीठ घालताना कोणाशी बोलत होतीस." त्यांनी माझ्याबद्दल घरी काय सांगितलं होतं मला माहीत नाही. त्या सतरंजीवर काकूंनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा एवढं मात्र कळलं की माझी चूक त्यांना ठाऊक नव्हती. नानांनी ती घरी नेलेलीच नव्हती.

मागच्या आठवड्यात एक गोष्ट झाली. आमचा जुना प्रोग्राम आता जाणार आहे. पुण्याच्या एका कंपनीकडून नवा येतोय, सगळं इंटरनेटवरून चालणारा, त्यात झेड ड्राइव्ह नाही, लाल फुली नाही. त्यांनी सगळ्या सूचनांची यादी मराठी करण्यासाठी माझ्याकडे पाठवली होती. इंटरनेट तुटलं तर दाखवायच्या सूचनेसमोर मी नानांची तीन वाक्यं लिहून दिली. परवा त्यांच्याकडच्या एका इंजिनियरचा फोन आला. मी काउंटरजवळ होते, गाडी नुकतीच आली होती, रांग दारापर्यंत गेली होती. तो म्हणाला, "मॅडम, इथे तिसरं वाक्य चुकून आलंय का? मूळ इंग्रजीत तसं काही नाहीये. काढून टाकू?"

"राहू द्या," मी म्हटलं.

"पण चूक युजरचीही असू शकते ना?"

आत जाऊन बोलावं असं एकदा मनात आलं. मग तिथेच, रांगेसमोर उभी राहून, मी त्याला सांगितलं. असू शकते, पण त्या क्षणी ते आपल्याला माहीत नसतं, आणि समोर माणूस उभा असताना ती बाई तिथे एकटी असते. एकदा आमच्याकडे असं झालं होतं. चूक माझी होती आणि दोन महिने ती दुसरीला स्वतःची वाटत होती. हे वाक्य ज्यांनी घातलं ते धुळ्याचे होते. हे बोलताना अक्का नाव लिहिता लिहिता थांबली होती. पहिल्या नंबरचा माणूसही ऐकत होता.

पलीकडून कळफलकाचा आवाज आला.

"ठेवलं, मॅडम," तो म्हणाला, आणि पुढची सूचना वाचायला लागला.